ड्रायव्हरची सीट हलते, कुरकुरते: दुखणं शोधण्यापासून दुरुस्तीपर्यंत

ड्रायव्हरची सीट एका दिवसात बिघडत नाही. सुरुवातीला स्पीडब्रेकरवरून उतरताना बारीक 'कुईं' ऐकू येतं. काही महिन्यांनी क्लच दाबला की पाठ किंचित मागं गेल्यासारखी वाटते. मग ब्रेक दाबल्यावर बुडाखालून 'टक्' असा ठोका बसायला लागतो. आपण तोवर गाण्यांचा आवाज वाढवून वेळ काढतो, आणि सर्व्हिसिंगला गाडी दिली की मेकॅनिकला सांगतो, "सीटखाली जरा ऑइल मारा."

इथंच गल्लत होते. कुरकुर आणि हालचाल ही दोन वेगळी दुखणी आहेत. कुरकुर म्हणजे दोन भाग कोरडे पडून एकमेकांवर घासतायत. ती साफसफाईनं आणि वंगणानं जाते. हालचाल म्हणजे काहीतरी सैल झालंय, झिजलंय किंवा तुटलंय, आणि तिथं वंगणाचा काही उपयोग नाही. उलट तेलानं आवाज बंद पडतो आणि जो इशारा मिळत होता तोही थांबतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी आपल्या सीटला यातलं नेमकं काय झालंय ते ठरवायचं.

हालचालीबद्दल मी इतकं आग्रहानं सांगतो त्याला कारण आहे. बऱ्याच गाड्यांत सीटबेल्टचं बकल जमिनीला नाही, तर थेट सीटच्या सांगाड्याला जोडलेलं असतं. म्हणजे अपघातात तुमच्या अंगाचा भारही त्याच बोल्ट आणि रेलमधून जमिनीपर्यंत जातो. संयुक्त राष्ट्रांच्या सीटविषयीच्या नियम क्रमांक १७ मध्ये सीटच्या पकडीची परीक्षा २० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट, इतक्या धक्क्याला घेतात. २० किलोची सीट धरली तर तिचा एकटीचाच जोर ४०० किलो वजनाइतका होतो. हा भार पेलायला चारही बोल्ट आणि दोन्ही बाजूंची कुलपं पूर्ण बसलेली हवीत.

सीटखाली असतं काय

टॉर्च घेऊन एकदा खाली नीट बघा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. गाडीच्या जमिनीला दोन लांब पन्हळीसारख्या पट्ट्या बोल्टनं आवळलेल्या दिसतील; त्या खालच्या रेल. साधारणपणे प्रत्येक रेलला पुढे एक आणि मागे एक बोल्ट असतो. या रेलमध्ये सीटला जोडलेली वरची रेल सरकते. दोन्हींच्या मध्ये बारीक पोलादी गोळ्या किंवा रोलर असतात आणि ते जागेवर राहावेत म्हणून प्लॅस्टिकची पट्टी असते. सीट पुढे-मागे करायचा पुढचा दांडा उचलला की दोन्ही बाजूंच्या कुलपांचे दात रेलच्या खाचांतून बाहेर येतात, सोडला की परत आत बसतात. काही सीटमध्ये दांडा एकाच बाजूचं कुलूप थेट उचलतो आणि दुसऱ्या बाजूला एक तार जाते. ही तार लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

रेलच्या वर, सीट उंच-खाली करायची सोय असेल तर, सांध्यासांध्यांत नायलॉनचे बुश, म्हणजे घर्षण टाळणाऱ्या बारीक बाह्या, घातलेले लिव्हर असतात. मग बैठकीचा सांगाडा, त्यात नागमोडी स्प्रिंगा, त्यावर फोम. पाठ मागे पाडायचं यंत्र म्हणजे रिक्लायनर, सीटच्या कमरेपाशी एका किंवा दोन्ही बाजूंना.

आधी खालचं सामान काढा

हे ऐकायला साधं वाटेल, पण पहिलं काम हेच. पाण्याची बाटली, छत्री, टायरची हवा बघायचं मीटर, मागच्या दिवाळीतला फटाक्यांचा डबा, सगळं बाहेर. पायाखालची मॅट काढा. हेडरेस्ट काढून बाजूला ठेवा, कारण त्याच्या दांड्या खडखडल्या की आवाज सांगाड्यातून खाली उतरतो आणि सीटखालूनच येतोय असं वाटतं. बाहेरून चढवलेलं रेक्झिनचं कव्हर असेल तर त्याचे हुक आणि इलॅस्टिकसुद्धा सोडून बघा. बकल हँडब्रेकच्या कन्सोलला घासतं आणि रेक्झिन प्लॅस्टिकला घासतं, तेव्हा अगदी रेलच करकरल्यासारखा आवाज निघतो. एवढं करून गाडी एकदा खडबडीत रस्त्यावरून फिरवा. कित्येक सीट इथंच बऱ्या होतात.

दुखणं कुठं आहे ते शोधायचं कसं

गाडी सपाट, शांत जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन आणि एसी बंद. हे काम दोघांनी करायचं. एकानं सीटवर बसून अंग पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे झुलवायचं, दुसऱ्यानं खाली वाकून बोटं लावायची. कानांपेक्षा बोटांवर जास्त विश्वास ठेवा. आवाज पत्र्यातून कुठल्या कुठे जातो, हालचाल मात्र जिथल्या तिथं असते.

बोट असं ठेवा की अर्धं एका भागावर आणि अर्धं शेजारच्या भागावर येईल. आधी बोल्टचं डोकं आणि रेल, मग खालची रेल आणि वरची रेल, मग वरची रेल आणि सांगाडा, शेवटी सांगाडा आणि पाठ. जिथं बोटाच्या दोन बाजू वेगवेगळ्या हलतात, तिथं दुखणं आहे. हात पोहोचत नसेल तर मोबाइलचा टॉर्च लावून, स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्या. डोळ्यांना न दिसणारा अर्धा मिलिमीटरचा खेळ त्यात स्पष्ट दिसतो.

सीट कधी हलते यावरूनही पुष्कळ कळतं. ब्रेक दाबताना आणि पुन्हा वेग घेताना एकेक 'टक्' येत असेल तर कुलपाचे दात किंवा रेल. वळणावर सीट एका अंगाला कलत असेल तर बोल्ट किंवा झिजलेल्या गोळ्या. फक्त पाठ टेकताना आवाज येत असेल तर रिक्लायनर. बसताना-उठताना एकदाच 'कुर्र' होत असेल तर स्प्रिंगा किंवा उंची कमी-जास्त करणारे सांधे. अंदाज हवा तर सीटची जागा बदलून बघा: एक खाच पुढे सरकवल्यावर हालचाल गेली, तर रेलचा तेवढाच भाग झिजलाय. वर्षानुवर्षं एकच माणूस गाडी चालवत असेल तर असं होतंच.

बोल्ट आवळणं

सीट पूर्ण मागे ढकला. पुढचे दोन बोल्ट दिसतील. पूर्ण पुढे घ्या. मागचे दोन दिसतील. वर प्लॅस्टिकची टोपणं असतील तर चपट्या पेचकसानं हळूच उचकटा, ती कडक झालेली असतात आणि घाई केली की कान तुटतो. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत १४ नंबरचा पाना लागतो, काहींत १२ किंवा १७, आणि युरोपीय बनावटीच्या गाड्यांत चांदणीच्या आकाराचा टॉर्क्स. पाना उघड्या तोंडाचा नको, सॉकेट किंवा रिंग पानाच घ्या. बोल्टचं डोकं गोल झालं की दहा मिनिटांच्या कामाला अख्खा दिवस जातो.

बोल्ट किती आवळायचा? सीटचे बोल्ट पुष्कळदा १० मिलिमीटर जाडीचे असतात आणि त्यांचा टॉर्क, म्हणजे आवळताना लावायचा पिळाचा जोर, साधारण ३५ ते ५० न्यूटन-मीटरच्या टप्प्यात येतो; तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, तोच धरा. टॉर्क रेंच नसेल तर ओळखीच्या टायरवाल्याकडे किंवा गॅरेजमध्ये मिळतो. पान्याला पाइप जोडून अंगाच्या जोरानं आवळू नका. जमिनीखाली वेल्ड केलेला नट असतो. त्याचे आटे गेले की कार्पेट उचलून मोठं काम निघतं.

एक बोल्ट आवळल्यावर पाव फेरा फिरला तरी थांबून विचार करा, तो सैल का झाला. सगळेच थोडे सैल असतील तर कधीतरी कार्पेट धुवायला किंवा फ्लोअरिंग बसवायला सीट काढली होती आणि परत नीट आवळली नाही, हे जवळपास नक्की. अॅक्सेसरीच्या दुकानात लॅमिनेशन मॅट टाकून घेतल्यावर सीट हलायला लागली, ही तक्रार नेहमीची आहे. जाड मॅटचा तुकडा रेलच्या पायाखाली सापडला की बोल्ट कधीच घट्ट राहत नाही. तो तुकडा कापून काढा. पत्र्यावर पत्रा बसला पाहिजे.

एकच बोल्ट पुन्हा पुन्हा सैल होत असेल तर तो काढून आटे बघा. आटे चांगले असतील तर ते पुसून निळ्या रंगाचं, मध्यम ताकदीचं थ्रेड लॉकर, म्हणजे आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव, एक थेंब लावा. लाल नको, ते पुढे उघडताना तापवावं लागतं. बोल्ट बदलायचा झाला तर कंपनीचाच घ्या, किंवा निदान डोक्यावरचा आकडा जुन्याशी जुळवा. ८.८ लिहिलेला बोल्ट तुटायला दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन ताण लागतो आणि त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत तो कायमचा ताणला जात नाही. १०.९ त्याहून कणखर. हार्डवेअरच्या दुकानातल्या, डोक्यावर काहीच नसलेल्या बोल्टला सीटखाली जागा नाही.

रेल साफ करणं आणि ग्रीस

आवाजाच्या तक्रारींपैकी मोठा वाटा इथला असतो. रेलच्या पन्हळीत काय काय साचतं ते एकदा टॉर्च मारून बघा: चप्पलची वाळू, चुरमुरे, शेंगांची टरफलं, हेअरपिन, नाणी, आणि हे सगळं धरून ठेवणारं जुनं, काळं, मेणासारखं घट्ट झालेलं ग्रीस. पावसाळ्यात ओल्या बुटांचं पाणी त्यात मुरतं. कोकणात, गोव्यात, मुंबईत तर खारी हवाही असते. तिथं रेलच्या कडेला तांबूस गंज नेहमीच सापडतो.

सीट पूर्ण मागे घेऊन पुढचा अर्धा भाग, मग पुढे घेऊन मागचा भाग असं साफ करा. आधी कोरडंच: व्हॅक्यूमची अरुंद नळी आणि जुना टूथब्रश. नंतर पातळ पेचकसाला सुती फडकं गुंडाळून पन्हळीच्या आत फिरवा. घट्ट ग्रीस निघत नसेल तर फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. रॉकेल वापरू नका. ते कार्पेटमध्ये उतरलं की बंद गाडीत महिनाभर वास राहतो. गोळ्यांवर आणि प्लॅस्टिकच्या पट्टीवर थेट काहीही ओतायचं नाही.

आता वंगण. घराघरांत डब्ल्यूडी-४० चा डबा असतो आणि हात आधी तिकडेच जातो. त्याच्या नावातला डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारं. १९५३ मध्ये अमेरिकेत ते गंजाला अटकाव करण्यासाठी बनवलं गेलं. गंजलेला बोल्ट सोडवायला ते उत्तम आहे. रेलवर मात्र ते थोड्याच दिवसांत उडून जातं आणि जाता जाता उरलंसुरलं ग्रीसही पातळ करतं. इंजिन ऑइल तर मुळीच नको. धूळ पकडून त्याची कानस होते. रेलला पांढरं लिथियम ग्रीस लावा. ट्यूबमधलं असेल तर बोटावर हरभऱ्याएवढं घेऊन, गोळ्या जिथं धावतात त्या आतल्या कडेवर पातळ थर पसरा. सीट दहा-बारा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवा, वर आलेलं जास्तीचं पुसून टाका, नाहीतर ते पँटला लागेल. कुलपाच्या खाचांत ग्रीसचा गोळा राहू देऊ नका, दात पूर्ण आत बसत नाहीत. प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक किंवा रेक्झिन घासत असेल तिथं सिलिकॉनचा स्प्रे चालतो. तो फडक्यावर मारून पुसा आणि बेल्टच्या पट्टीला लागू देऊ नका.

कुलूप खरंच बसतंय का

दांडा सोडल्यावर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी 'खट्' यायला हवं. पुष्कळदा एक बाजू बसते आणि दुसरी दातावर दात ठेवून अडकून राहते. गाडी नेहमीसारखी चालते, सीटही जागेवर असल्यासारखी वाटते, आणि पहिल्याच जोरदार ब्रेकला ती अर्धी खाच घसरते. पायाखालचे पेडल अचानक जवळ येणं किंवा लांब जाणं काय असतं ते कुणाला अनुभवायला लागू नये.

तपासायला दांडा सोडून, बसल्या बसल्या अंग जोरात पुढे-मागे हासडा. मग खाली टॉर्च मारून दोन्हीकडचे दात खाचेत खालपर्यंत गेलेत का ते डोळ्यांनी बघा. एका बाजूचे गेले नसतील तर त्या बाजूची तार अडकली आहे, ताणली आहे, किंवा रेलच एकमेकींना समांतर नाहीत. शेवटच्या कारणावर इलाज सोपा आहे: चारही बोल्ट अर्धा फेरा सैल करा, सीट दोन-तीन वेळा पूर्ण पुढे-मागे सरकवा म्हणजे रेल आपोआप एका ओळीत येतात, आणि मग सीट मागे घेऊन पुढचे, पुढे घेऊन मागचे बोल्ट टॉर्कला आवळा. तार ताणली असेल किंवा दात गोल झाले असतील तर पूर्ण रेल बदला. दात कानशीनं घासून टोकदार करण्याचा उद्योग करू नये.

सीट बाहेर काढायची वेळ आली तर

सांगाडा, बुश किंवा स्प्रिंगा बघायच्या तर सीट काढावीच लागते. इथं एक गोष्ट नीट वाचा. भारतात १ जुलै २०१९ पासून बनलेल्या कारमध्ये सीटबेल्टची आठवण करून देणारी यंत्रणा सक्तीची आहे, त्यामुळे सीटकडे वायर असते हे धरूनच चाला. सीटच्या पाठीवर बाहेरच्या अंगाला 'एअरबॅग' असं लेबल असेल तर खाली पिवळ्या रंगाचा कनेक्टरही असेल. तो एअरबॅगचा किंवा बेल्ट आवळणाऱ्या प्रिटेन्शनरचा.

सीट विजेवर सरकणारी असेल तर आधी बोल्ट दिसतील अशी सरकवून घ्या. मग इग्निशन बंद करून बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि निदान दहा मिनिटं थांबा, म्हणजे एअरबॅगच्या यंत्रणेत साठलेली वीज उतरते. त्यानंतरच कनेक्टर सोडा. त्यात मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प कधीही घालू नका. आणि कनेक्टर सुटलेले असताना 'जरा काच खाली करू' म्हणून बॅटरी जोडून इग्निशन चालू करू नका. एअरबॅगचा दिवा लागतो आणि पुष्कळ गाड्यांत तो स्कॅनरशिवाय जात नाही. हे करायची हिंमत होत नसेल तर एवढं काम सर्व्हिस सेंटरला द्या. त्यात काहीच कमीपणा नाही.

साधी सीट १५ ते २० किलोच्या आसपास भरते आणि रेलच्या कडा धारदार असतात. हातमोजे घाला, दाराच्या उंबऱ्यावर जुनी चादर टाका, आणि दोघांनी मिळून सीट तिरकी करून बाहेर घ्या. कुठला बोल्ट कुठला ते मांडून ठेवा. पुढच्या-मागच्यांची लांबी कधी कधी वेगळी असते.

सीट उलटी केली की स्प्रिंगा दिसतात. जिथं स्प्रिंगेची आकडी सांगाड्यात अडकते तिथं प्लॅस्टिकची बारीक बाही असते. ती फुटली की तार लोखंडावर घासते आणि बसता-उठताना तो 'कुर्र' येतो. जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून तिथं घट्ट गुंडाळा आणि झिप-टायनं बांधा. आवाज जागच्या जागी थांबतो. रबरावर ग्रीस मात्र लावू नका. उंचीच्या सांध्यांतले नायलॉनचे बुश अंडाकृती झाले असतील तर नवे घाला. काही मॉडेलचे सुटे मिळतात, काहींचा पूर्ण संच घ्यावा लागतो.

सांगाड्याचे वेल्डिंगचे टाके निरखून बघा, विशेषतः रिक्लायनरजवळचे आणि रेलच्या कानांपाशीचे. रंगात केसासारखी रेघ आणि तिच्यातून गंज ओघळलेला दिसला तर ती तडा आहे. वेल्डिंगवाला पाच मिनिटांत टाका मारून देतो म्हणेल. देऊ नका. आजचे सांगाडे उच्च ताकदीच्या पोलादाचे असतात, टाक्याशेजारी ते कमजोर होतं. शिवाय बाजूच्या एअरबॅगजवळ आच लागणं जिवावर बेतू शकतं. तडा गेलेला सांगाडा बदलायचा. तेच रिक्लायनरचं: त्याच्या गोल डब्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. पाठीला वरच्या टोकाशी थोडासा खेळ पुष्कळ सीटना असतो. शेजारच्या सीटशी ताडून बघा, जास्त असेल तरच बदला.

गोळ्या झिजून रेल डुगडुगत असेल तर मध्ये वॉशर, पत्र्याची चकती किंवा रबर ठोकून बसवायचा सल्ला मिळेल. रेलच्या कडा हातोडीनं आत दाबायलाही सांगतील. खेळ चार दिवस जातो खरा, पण कुलूप कुठल्या तरी खाचेत अर्धवट बसायला लागतं. रेलची जोडी नवी घ्या. जुन्या गाडीसाठी नवी मिळत नसेल तर पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चौकशी करा. वापरलेली रेल घेताना दुकानातच ती शेवटपर्यंत सरकवून बघा, दोन्हीकडचे दात मोजून तपासा, आणि वाकलेली किंवा पाण्यात बुडालेल्या गाडीतली घेऊ नका. वापरलेली पूर्ण सीट घेणार असाल तर एअरबॅग असलेली टाळाच.

एक तपासणी उरते: बोल्टभोवतीची जमीन. जुन्या गाडीत कार्पेट उचलून बोल्टशेजारचा पत्रा अंगठ्यानं दाबा. तो दबला, गंजाचे पापुद्रे निघाले किंवा तडा दिसला, तर सीटचं काम तिथंच थांबवा आणि गाडी चांगल्या बॉडीशॉपमध्ये न्या. तोवर ती चालवू नका.

परत बसवताना

आधी सीट जागेवर ठेवा आणि कनेक्टर 'टिक्' येईपर्यंत जोडा. चारही बोल्ट हातानंच दोन-तीन आटे आत घ्या. हातानं जात नसेल तर बोल्ट तिरका चाललाय, पाना लावू नका. मग सीट सरकवून, वर सांगितल्याप्रमाणे टॉर्कला आवळा. वायर रेलच्या वाटेत येत नाही ना ते सीट पूर्ण पुढे-मागे करून बघा. आता बॅटरी जोडा, इग्निशन चालू करा; एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. बेल्ट लावून-काढून त्याचा दिवाही तपासा.

मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना, ताशी २० किलोमीटरला दोन-तीनदा जोरात ब्रेक दाबा, दोन्ही अंगांना एकेक वळण घ्या. 'टक्' आला नाही तर काम झालं. आठवड्यानं पुन्हा एकदा चारही बोल्टांना पाना लावून बघा, आणि दरवर्षी पावसाळा संपला की कार्पेट वाळवताना रेलची सफाई आणि ग्रीस त्याच दिवशी उरकून घ्या.